व्हय कोण म्हणता?

“पण आवाज तुमचोच आसतलो ना, तात्यांनू? मगे देवाक फरक कसो कळतलो?”

गौरेश घाडीने हे तिसऱ्यांदा विचारलं.

तात्या चिंचेने निरांजन घासत बसले होते. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, पसंत पडलं नाही, पुन्हा घासायला घेतलं.

“देवाचा सोड,” ते म्हणाले. “तुका कळतलो?”

...

गौरेशने बॅगेतून माईक काढला आणि त्याची वायर सोडवत बसला.

तळसुऱ्याच्या रवळनाथाच्या देवळात धाकू गुरव, म्हणजे हे तात्या, बावन्न वर्षं गाऱ्हाणं घालत आले होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे माणूस अडचणीत आला की नारळ घेऊन देवळात जातो आणि गुरवाजवळ मन मोकळं करतो. गुरव नारळ देवापुढे ठेवतो आणि ती अडचण त्या माणसाच्या नावागावासकट मोठ्याने देवाच्या कानावर घालतो. त्याला पोथी नाही आणि पाठांतरही नाही. समोरचा जे सांगेल त्यावरून तिथल्या तिथे शब्द जुळवायचे. आणि दर वाक्याला, देवळात जो कोणी हजर असेल त्याने म्हणायचं, “व्हय म्हाराजा.”

गौरेश नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. तेव्हापासून तो तात्यांच्या हाताखाली वाढला. पंधराव्या वर्षी तो असं गाऱ्हाणं घालायचा की बायका पदराने डोळे पुसायच्या. मग तो शिकायला मुंबईला गेला, तिथेच राहिला, आणि त्याने ‘हाक’ काढलं.

‘हाक’ म्हणजे मोबाईलवरचं ॲप. नाव टाका, गाव टाका, अडचण निवडा. नोकरी, लग्न, तब्येत, कोर्टकचेरी, आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. मग साधं गाऱ्हाणं हवं की विशेष, ते निवडा. विशेषमध्ये शंख वाजतो. थोड्या वेळाने व्हिडिओ येतो. देवाचा फोटो, जळती समई, आणि मागून तुमचं नाव घेऊन घातलेलं गाऱ्हाणं. दुबईपासून डोंबिवलीपर्यंतचे चाकरमानी ते घेत होते. कोणाला रजा नाही, कोणाला तिकीट नाही, आणि देवाचा धाक तर सगळ्यांनाच आहे.

गाऱ्हाणं मशीन घालायचं, गौरेशच्या आवाजावरून शिकून. मेख तिथेच होती. लोक लिहायचे, सगळं छान आहे, पण ऐकताना गावी आल्यासारखं वाटत नाही. चौदा वर्षांत गौरेशचा आवाज बातम्या देणाऱ्यासारखा स्वच्छ झाला होता. त्याच्या धंद्यात पैसा घालणारी मंडळी म्हणाली, अस्सल आवाज आणा.

आणि तात्यांच्या गळ्यात गाठ निघाली. येत्या मंगळवारी ऑपरेशन होतं. आवाज राहीलच असं डॉक्टर सांगत नव्हते. तोवर कमी बोला म्हणाले होते. तात्या मुळातच कमी बोलणारे, त्यामुळे आता जवळजवळ काहीच शिल्लक उरलं नव्हतं.

म्हणून शुक्रवारी सकाळी गौरेश गाडीतून उतरला तो घरी न जाता थेट देवळात आला. त्याला धंद्यासाठी आवाज हवा होता, आणि तो आवाज नाहीसा होणार या कल्पनेने त्याला वाटेत दोनदा रडू आलं होतं. हे दोन्ही खरं होतं. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वाचणारे त्याला लबाड ठरवून मोकळे होतील.

“तीन तास बोला, तात्यांनू. काय पण बोला. मशीन तेच्यावरसून शिकता. मगे तुमी नसलास तरी...”

तो अडखळला.

“मेल्यार म्हण,” तात्या म्हणाले. “लाजतस कित्याक?”

“तुमचो आवाज रवतलो. ह्या देवळात गाऱ्हाणा बंद पडूचा नाय.”

खरा घोर हाच होता. तात्यांना मूलबाळ नव्हतं. गावात शिकणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. मंगळवारनंतर रवळनाथापुढे नारळ कोण ठेवणार, हे तळसुऱ्यात कोणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायला सगळेच भीत होते.

तात्यांनी निरांजन खाली ठेवलं.

“एक लाव बघूया. आयकतंय.”

गौरेशला हुरूप आला. ओळखीचं नाव ऐकलं की तात्या विरघळतील असं वाटून त्याने मुद्दाम गावातलंच निवडलं. शेवंती मेस्त्री. तिचा मुलगा विनायक हा गौरेशचा शाळेतला दोस्त, कुवेतला असतो. आईच्या गुडघ्यांसाठी दर शुक्रवारचं गाऱ्हाणं त्याने लावून ठेवलं होतं, तेही विशेष.

शंख वाजला. तात्यांनी दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा,” फोन बोलू लागला. “तळसुऱ्याची शेवंती मेस्त्री, हिचे गुडघे दुखतत...”

“व्हय म्हाराजा,” चार आवाज एका दमात म्हणाले.

“ता दुखणा हिका जास्ती वाढूक देव...”

“व्हय म्हाराजा.”

“...नको.”

तात्यांनी मान वर केली.

आमच्याकडे ‘देऊ नको’ला ‘देव नको’ म्हणतात. मशीनने ‘देव’पाशी श्वास घेतला. आणि श्वास पडला की ‘व्हय म्हाराजा’ घालायचं, असं त्याला शिकवलेलं होतं. ‘नको’ बिचारं एकटं मागे राहिलं.

“परत लाव.”

परत लावलं. वाढूक देव. व्हय म्हाराजा. नको.

तात्या हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, पण हसू काही थांबेना.

“दुखणा वाढूक देव म्हणता. चार जण व्हय म्हणतत. आणि वर सांगता, देव नको.”

गौरेशचा चेहरा पडला. तीन महिने दर शुक्रवारी हे असंच जात होतं, आणि कोणी तक्रारही केली नव्हती.

“चूक झाली. आजच सुधारतंय.”

“सुधारशीत. तू हुशार आसस.” तात्यांनी पंच्याने डोळे पुसले. “ते चार जण खंयचे?”

“हापिसातले. खरे दोघच. एकाच्याच आवाजाचे तीन केलव.”

“तेंका शेवंती म्हायत आसा?”

“नाय.”

“मगे व्हय कोण म्हणता?”

...

गौरेशने फोन पालथा ठेवला. त्याला वाटलं, म्हातारा मुद्दा सोडून भलतंच काहीतरी धरून बसला आहे. हे असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं.

एवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. शेवंतीकाकीच येत होती, काखेत नारळ घेऊन. गौरेश पुढे झाला आणि तिला हात दिला.

“गौरेशा, तू कधी इलंस?”

“आताच, काकी.”

“बारीक झालंस.” ती खांबाला टेकून बसली.

“काय गो शेवंती?” तात्यांनी विचारलं. “गुडघे?”

“गुडघ्यांचा काय आता. ते जुने झाले.” तिने नारळ मांडीवर घेतला. “गुडघ्यांचा तर मोबायलात येता दर शुक्रवारी. इनायक धाडता. मी आयकतंय. हात पण जोडतंय.”

“मगे?”

“आदी शुक्रवारी तेचो फोन येवचो. सुट्टी आसता ना तेका. तासभर बोलाचो. गाय कशी आसा, नारळ पाडलंस काय, शेजारीण बोलता काय. आता फोन येणा नाय. ता येता.”

ती थोडा वेळ नारळाची शेंडी चाचपत राहिली.

“तेका काय इचारूक येणा नाय, धाकूदादा. परत बोलणाच नाय ता.”

गौरेश वायरीचा गुंडाळा पुन्हा सोडवू लागला. ती आधीच सुटलेली होती.

“तूच फोन कर,” तात्या म्हणाले.

“काय सांगू? देवाचा धाडू नको, तू बोल? शोभता काय असा सांगणा?” काकीने नारळ दुसऱ्या मांडीवर घेतला. “तेना मायेनच लावल्यान ता. ता काढल्यान कोणी, देवाक ठावक.”

तात्यांनी गौरेशकडे पाहिलं नाही. हात धुतले, नारळ घेतला, उठले.

“माईक लावू?” गौरेशने हळूच विचारलं.

“लाव.”

त्याने माईक तात्यांसमोर ठेवला, फोन त्याच्या शेजारी. त्याला वाटलं, एक पुरं गाऱ्हाणं मिळालं तरी निम्मं काम झालं.

तात्यांनी नारळ देवापुढे धरला.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा...”

तोच आवाज. गाठ असलेल्या गळ्यातून तो कसा निघाला कोण जाणे, पण देऊळ भरून गेलं.

“ही तुजी शेवंती, बाबल मेस्त्रीची बायल, दोन मोडके गुडघे घेवन तुज्या दारात इली आसा.”

“व्हय म्हाराजा,” गौरेश म्हणाला. त्याची नजर माईकच्या छोट्या पडद्यावर हलणाऱ्या आवाजाच्या रेषेवर होती.

“तिका आज गुडघ्यांचा काय मागूचा नाय.”

“व्हय म्हाराजा.”

“तिचो झील लांब आसा म्हाराजा. तेचो...”

आणि आवाज गेला.

ठसका नाही, खोकला नाही. ओठ हलत होते, पण बाहेर काही येत नव्हतं. तात्यांनी दोनदा आवंढा गिळला आणि पुन्हा ओठ हलवले. पडद्यावरची रेष सरळ झाली.

...

काकीने डोळे उघडले.

“अर्धा रवला,” ती पुटपुटली.

अर्धं गाऱ्हाणं देवळात टाकून आमच्याकडे कोणी घरी जात नाही. देवाला हाक मारून ठेवायची आणि आपण निघून जायचं, हे कोणालाच बरं वाटत नाही.

तात्या वळले. त्यांनी नारळ गौरेशच्या हातात दिला.

“माका येणा नाय आता,” गौरेश म्हणाला. “चौदा वरसा झाली, तात्यांनू.”

तात्यांनी नारळ परत घेतला नाही. ते काकीच्या बाजूला जाऊन हात जोडून उभे राहिले.

गौरेशने घसा साफ केला.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा,” तो बातम्यांच्या आवाजात म्हणाला. “ही शेवंती मेस्त्री. हिची अडचण...”

त्याच्या डोक्यात ओळीने शब्द आले. नोकरी, लग्न, तब्येत, कोर्टकचेरी.

“हिची अडचण... इतर...”

“काय म्हटलंस?” काकीने विचारलं.

तात्यांचे खांदे हलले. ते हसत होते, आवाज न करता.

गौरेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने डोळे मिटले. काकीने आता जे सांगितलं ते त्याने पहिल्यांदा आठवून पाहिलं. गाय. नारळ. शेजारीण. परत बोलणाच नाय ता.

...

“म्हाराजा,” तो म्हणाला, आणि या खेपेला आवाज थोडा खरखरला. “हिचो झील इनायक. माजो दोस्त. तो हिका दर शुक्रवारी फोन करी.”

कोणीच काही म्हणालं नाही.

तात्यांना आवाज नव्हता. आणि जिचं गाऱ्हाणं ती स्वतः ‘व्हय’ म्हणत नाही, तिने नुसते हात जोडायचे असतात. देवळात चौथं कोणी नव्हतं. वाक्य तिथेच लोंबकळत राहिलं.

गौरेशने तात्यांकडे पाहिलं.

तात्यांनी वाकून माईकशेजारचा फोन उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

त्याला वाटलं, ते चार आवाज लावायला सांगताहेत. अंगठा तिथे गेलाही. मग थांबला. देवळात बसून, शेवंतीकाकीसमोर, त्या दोन माणसांच्या चार आवाजांना व्हय म्हणायला लावायचं, हे त्याच्याने होईना.

त्याने विनायकला फोन लावला.

कुवेतला सकाळचे सात वाजले होते. सुट्टीचा दिवस.

“काय रे घाड्या,” झोपेतला आवाज आला. “इतक्या सकाळी?”

“देवळात आसय. तुज्या आवशीचा गाऱ्हाणा चालू आसा. व्हय म्हणाक कोण नाय. म्हणशीत?”

“आवशीक काय झाला?” झोप पार उडाली होती.

“काय जावक नाय. आयक, आणि म्हण.”

त्याने फोन देवापुढच्या चौरंगावर ठेवला, स्पीकर लावून, आणि नारळ पुन्हा हातात घेतला.

“म्हाराजा, ह्यो इनायक लांब आसा. आवशीच्या गुडघ्यांची काळजी करता. म्हणान दर शुक्रवारी तुका सांगणा धाडता.”

“व्हय म्हाराजा,” कुवेतहून आलं, जरा संकोचून.

“पण ता सांगणा येवक लागला, तेवापासून तेचो फोन येणा नाय. ही बाय मोबायल समोर ठेवन हात जोडता. काय इचारता. परत कोण बोलणा नाय.”

...

तिकडून नुसती पंख्याची घरघर ऐकू येत होती.

“ता सांगणा मी काढलंय म्हाराजा. माका वाटला, चांगला काम केलंय. माजी चुकी झाली आसा. ती पदरात घे.”

शेवंतीकाकीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“व्हय म्हाराजा,” ती म्हणाली.

रीत मोडली, पण तात्यांनी तिला अडवलं नाही. गौरेशला पुढचं दिसेनासं झालं. नारळ हातात असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते, म्हणून तो तसाच बोलत राहिला.

“ह्या आवशीचो आवाज तेच्या कानार पडांदे. तेचो हिच्या कानार पडांदे. दोघांका एकमेकांपासून लांब ठेव नको म्हाराजा.”

‘ठेव नको’ त्याने एका श्वासात म्हटलं. मध्ये तसूभरही जागा सोडली नाही.

...

“व्हय म्हाराजा,” फोनमधून आलं. आवाज सर्दी झाल्यासारखा होता. मग थोडं थांबून, “आये... चाय घेतलंस?”

काकी गुडघे विसरून उठली. तिने चौरंगावरचा फोन उचलला, देवाला पाठमोरी झाली, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

“खय रे, आता घरी जावन घेतलंय. तू उठलंस कधी? डोळे सुजलेले वाटतत. बारीक झालंस.”

तिला डोळे दिसत नव्हते, नुसता फोन होता. पण तिने सांगितलं ते बरोबर असणार.

गौरेशने माईक बंद केला. तेरा मिनिटं झाली होती. त्यात तात्यांचा आवाज मिनिटभरही नव्हता. तीन तास घ्यायला आला होता, हे त्याला आठवलं, आणि आपल्याला त्याचं फारसं वाईट वाटत नाही याचं त्याला नवल वाटलं.

तात्यांनी नारळ त्याच्याच हातून फोडवला. पाणी दोघांनी घेतलं. तात्यांना गिळताना दुखलं.

“‘हाक’मधलो तो व्हय काढून टाकतंय,” गौरेश म्हणाला. “थय मोकळी जागा सोडतंय. ज्या घरात गाऱ्हाणा वाजात, थयच्या माणसान म्हणाचा. आणि जो धाडतलो, तेका आदी घरी फोन करूक लावतंय. फोन नाय केल्यान तर गाऱ्हाणा जावचाच नाय.”

तात्या ऐकत होते.

“चालतला काय असा, म्हायत नाय. पैसेवाले चिडतले. विशेष शंख तर गेलोच.”

तात्यांनी खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

“आणि मी हयच रवतंय. मंगळवारपर्यंत, आणि तेच्या मागसून पण. मुंबैत बसान काम करतंय, ता हयसून करीन. रेंज पायरेर येता. देवळात कोण इला तर गाऱ्हाणा मी घालीन. सुरवातीक चुकतलंय.”

बाहेर काकी हसली. विनायकने गाईबद्दल काहीतरी विचारलं असावं.

तात्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या आठवड्यात कोणी न पाहिलेलं समाधान होतं, आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती.

जे विचारायला सगळा गाव भीत होता, ते गौरेशच्या ओठांवर आलं.

“पण मंगळवारी तुमचो आवाज परत नाय इलो तर, तात्यांनू? मी एकट्यान काय करू?”

तात्यांनी त्याला जवळ ओढलं. गळ्यातून नुसता वारा येत होता. ऐकायला गौरेशला कान त्यांच्या तोंडापाशी न्यावा लागला.

“तू गाऱ्हाणा घाल,” ते म्हणाले.

...

“व्हय मी म्हणतलंय. व्हय म्हणाक आवाज कित्याक होयो?”